तळ्याकाठी परातीतली अंघोळ

सोलापूरच्या स्टँडवर कंडक्टरने आमच्या सामानाकडे पाहून विचारलं, "लगीन हाय का कुटं?" लग्न नव्हतं. मी, बायको, मुलगी आणि वडील अशा चौघांची आठ दिवसांची सुट्टी होती. सामानात दोन वळकट्या, कडक भाकरीचा डबा, शेंगाचटणी आणि एक भलीमोठी पितळी परात होती. परात कशाला, असं मी घरी दोनदा विचारलं होतं. "लागते," एवढंच माझ्या बायकोने, शांताने, सांगितलं होतं.

कशाला लागते ते मला ठाऊक होतं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडे परातीत उभं राहून अंघोळ करायची पद्धत पडली. अंगावरून उतरलेलं पाणी परातीत साचायचं, त्यानेच फरशी पुसली जायची आणि उरलेलं जास्वंदीला जायचं. दुष्काळ गेला, पद्धत राहिली. मी शाळेत भूगोल शिकवतो. पर्जन्यमान, नद्या, जलाशय वर्गात घडाघडा सांगून घरी परातीत उभं राहताना मला फार अपमान वाटायचा.

म्हणूनच ही सहल. माझे वडील, आप्पा, सोलापूरजवळच्या कोरड्या वळसंगचे. सत्तरी गाठली तरी रोज धान्याच्या दुकानात बसायचे. त्यांना एकदा डोळे भरून पाणी दाखवायचं मी ठरवलं होतं. शाळेतल्या एका मास्तरांच्या ओळखीने महाबळेश्वरपलीकडे, कोयनेच्या जलाशयाच्या काठी, एक लाकडी बंगली भाड्याने मिळाली. मालकांनी पत्रात लिहिलं होतं, "पायरीला पाणी लागते."

दोन एस.टी. बदलून, महाबळेश्वरहून जीप करून, मुलीच्या तीन उलट्या झाल्यावर आम्ही पोचलो. जीपवाला पाचव्या दिवशी येतो म्हणाला आणि गेला. बंगली सुरेख होती. मात्र पायरी आणि पाणी यांच्यामध्ये दोनशे पावलांचा चिखल होता.

"पत्रात पायरीला पाणी लागतं असं होतं," मी रखवालदाराला म्हणालो. त्याचं नाव कोंडीबा.

"लागतंय की," तो म्हणाला. "भादव्यात."

तरीही समोर जे पाणी होतं ते आमच्या जिल्ह्याला पुरलं असतं. चारी बाजूंनी डोंगर आणि मध्ये ते निळं, स्वस्थ पसरलेलं. आप्पांनी पायरीवरून डोळ्यांवर हात धरून ते पाहिलं. म्हणाले, "झाकण न्हाय याला. किती उडून जात असंल."

शांताने तासाभरात बंगलीतली सगळी भांडी भरून ठेवली, कपबशासुद्धा. संध्याकाळी कोंडीबाने आपुलकीने चार मासे आणून दिले. आम्ही लिंगायत असल्याचं सांगितल्यावर त्याने ते तितक्याच आपुलकीने परत नेले.

दोन दिवस छान गेले. होडीत बसलो, करवंदं खाल्ली. कडक भाकरी चावताना कोंडीबाने आधी दाढेला हात लावला आणि मग आणखी एक मागून घेतली. फक्त सकाळी आप्पा न्हाणीत परात मांडून अंघोळ करायचे, ते मला बघवत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी हटूनच बसलो. "आप्पा, कोयनेच्या काठी येऊन परातीत अंघोळ? लोक काय म्हणतील?"

"कुटल्या लोकांचं म्हणतूस?" आप्पांनी विचारलं. आसपास फक्त कोंडीबा होता, आणि तो काही म्हणत नव्हता.

पण ते आले. चिखल तुडवत गुडघाभर पाण्यात गेले, नाक धरून तीन बुड्या मारल्या आणि लहान पोरासारखे हसले. मी त्यांना तसं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं. मला धन्य वाटलं. परत येताना पाय चिखलाने भरले, म्हणून शांताने परात पुढे केली. आप्पांनी तिच्यात उभं राहून वाकून पाय चोळले आणि अंगावर दोन तांबे घेतले. "ते पाणी फेकून दे," मी शांताला बजावलं. ती "हो" म्हणाली. आप्पा पूजेला बसले, त्यांनी छातीवर हात नेला आणि तसाच ठेवला.

गळ्यातलं लिंग नव्हतं. भिजलेला जुना दोरा तेवढा तुटून खांद्यावर चिकटला होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात लिंग गळ्यात असतं, रोज अंघोळीनंतर ते तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच खायचं-प्यायचं. मी यात पुष्कळ सवलती घेतो. आप्पांनी आयुष्यात एकही घेतली नव्हती.

"तळ्यातच पडलं असणार," मी म्हणालो आणि पळत सुटलो. मी, शांता, कोंडीबा, सगळे पाण्यात उतरलो. कोंडीबाने बुड्या मारल्या, जाळं ओढलं, चिखल चाळणीने चाळला. दुपारपर्यंत दोन शिंपले, एक चमचा आणि कुणाची तरी चप्पल मिळाली.

आप्पा व्हरांड्यातल्या बाकावर बसून होते. मे महिना होता. शांताने तांब्या पुढे धरला.

"बेडा (नको)," ते म्हणाले. "लिंगाबिगर घोटभर पानीबी न्हाय घेत मी. ठावं हाय की तुला."

"साताऱ्यात आपल्या मठाचे स्वामी असतील," मी म्हणालो. "त्यांच्याकडून दुसरं घेऊ."

"मग चल."

जीप यायला दोन दिवस होते. चालत महाबळेश्वर गाठणं त्यांना झेपणारं नव्हतं. कोंडीबा म्हणाला, "म्हातारं वाळलंया. दोन दिस न्हाय निघायचं." हे त्याने हळू आवाजात सांगितलं, पण आप्पांचे कान चांगले आहेत.

दुपार उलटली. आप्पांचे ओठ पांढरे पडले होते. समोर तेवढं पाणी आणि माझा बाप तहानलेला. मला माझी लाज वाटली. त्यांना परातीत सुखाने अंघोळ करू दिली असती तर काय बिघडलं असतं? मी त्यांच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "आप्पा, चुकलं माझं."

"तुजं काय चुकलं?" ते कष्टाने म्हणाले. "पानी लई झ्याक होतं."

मला रडू आलं. मी चिखलात उतरण्यासाठी पुन्हा उठलो.

ऊन उतरताना शांता न्हाणीतून परात घेऊन आली. सकाळचंच पाणी, तसंच गढूळ. पायरीजवळ एक सुकलेला गुलाब होता, त्याला घालायला ती निघाली होती.

"फेकलं नव्हतंस?" मी चकित होऊन विचारलं.

"हो म्हटलं होतं," ती म्हणाली. "फेकते म्हटलं नव्हतं. आख्खा गुलाब वाळतोय तो."

तिने परात टेकवली आणि ओंजळीने पाणी घालू लागली. तिसऱ्या ओंजळीला तिचा हात थांबला. ती माहेरच्या कानडीत ओरडली, "सिक्तु! (सापडलं!) आप्पा, सिक्तु!"

काळंभोर लिंग तिच्या तळहातावर होतं. पाय चोळायला आप्पा वाकले तेव्हाच ते गढूळ पाण्यात गेलं होतं आणि दिवसभर न्हाणीच्या कोपऱ्यात बसून होतं.

आप्पांनी ते धुऊन घेतलं, पूजा केली आणि मग ते सलग तीन तांबे पाणी प्यायले. पायधुणीच्या पाण्यात पडल्याबद्दल गावी गेल्यावर स्वामींना विचारू, असं म्हणाले आणि कडक भाकरी मागितली. कोंडीबा परातीकडे बघत म्हणाला, "ही पितळंची केवढ्याला पडती?"

उरलेले दिवस चौघांनीही परातीत अंघोळ केली. कुणी काही म्हणालं नाही. निघताना गुलाबाला एक कोंब फुटला होता.

सोलापुरात उतरलो तेव्हा परात माझ्या डोक्यावर होती. हमालाला द्यायचं मन झालं नाही. भूगोल मी अजून शिकवतो. जलाशयाच्या धड्यात क्षेत्रफळ आणि खोली सांगतो, बाकीचं पुस्तकात नाही. आमच्या घरी आता वापरलेलं पाणी झाडाला घालण्याआधी त्यात हात फिरवून बघतात. मी दोनदा फिरवतो.