टिटवीची पिल्लं कुणी नेली

प्राणीसंग्रहालयात हरणांचं बघणाऱ्या बाईला सगळे आत्या म्हणत. सख्ख्या भाचरांपासून तिकीट फाडणाऱ्यापर्यंत सगळ्यांचीच ती आत्या. स्वभाव मात्र पहिल्यापासून संशयी. लोक ताक फुंकून पितात, आत्या पाणीसुद्धा उजेडात धरून प्यायची. चाऱ्याची गाडी आली की प्रत्येक पेंढीत कोपरापर्यंत हात घालून बघायची आणि फाटकाला कुलूप लावल्यावर चार पावलं जाऊन, परत येऊन ते ओढून पाहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. अठ्ठावीस वर्षं हरणं हाच तिचा संसार.

घरी थोरला भाऊ होता. तिचा दादा. प्रार्थनाघरात तो दर आठवड्याला प्रवचन करी आणि त्याचा आवडता विषय ठरलेला. सुरुवातीला देवानं सगळ्या जिवांना हिरवा पालाच दिला होता, सिंहसुद्धा गाईशेजारी उभा राहून गवत खायचा. मग माणसानं आज्ञा मोडली, पहिलं रक्त सांडलं आणि जनावरांच्या तोंडाला रक्ताची चटक लागली. दादा म्हणे, “तुझी हरणं तेवढी मूळ पायरीवर राहिली. बाकीच्यांचा पाय घसरला.” आत्याला हे ऐकताना बरं वाटायचं. आपण चांगल्यांच्या बाजूला नोकरी करतो, असं.

संग्रहालयाच्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं उलटं होतं. एकदा हरणाच्या खुराला पट्टी बांधताना त्या सहज बोलून गेल्या की सगळ्यात पहिले प्राणी समुद्रात होते आणि काही संशोधकांच्या मते त्यांचा मूळ पूर्वज दुसऱ्या बारीक जिवांना गिळूनच जगत असावा. पाला पचवायला पोटात मोठा कारखाना लागतो, तो पुष्कळ नंतर उभा राहिला. आत्यानं मान हलवली, पण मनात म्हणाली, एवढ्या जुन्या काळचं हिला कोण सांगायला आलं होतं? घरी जाताना तिच्या लक्षात आलं, की हाच प्रश्न दादालाही विचारता येईल. तो थोरला होता, म्हणून विचारला नाही.

हरणांच्या आवारात, कुंपणाच्या कडेला, टिटव्या जमिनीवरच अंडी घालत. त्या वर्षी पिल्लं नाहीशी व्हायला लागली. आज चार दिसली की उद्या तीन. पीस नाही, रक्ताचा डाग नाही. आत्यानं मुंगसाची बिळं शोधली, सापाची कात शोधली, जाळीचं भोक न् भोक तपासलं. काहीच सापडेना, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली, की हे दोन पायांच्या प्राण्याचं काम आहे.

आणि तिला माणूसही सापडला. सिंहांना मांस घालणारा. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखड्याची जुनी खूण होती, म्हणून सगळे त्याला पंजा म्हणत. अबोल माणूस. हात किती धुतले तरी अंगाला मांसघराचा वास. आत्या त्याच्याशी कधी धड बोललीच नव्हती. आता तिनं पाहिलं, की हा दोन दिवसांआड तिच्या आवारात शिरतो, कुंपणाकडेला वाकतो आणि काहीतरी पिशवीत घालून निघून जातो. तिला विचारत नाही, तिच्याकडे बघत नाही. झालं, आत्यानं सुतावरून स्वर्ग गाठला. सिंहीण म्हातारी झालीय, खात नाही, तिला कोवळी पिल्लं चारून हा शाबासकी मिळवतोय.

तिनं थेट साहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी चौकशी होईपर्यंत पंजाकडून किल्ल्या काढून घेतल्या आणि त्याला झाडलोटीला लावलं. त्यानं किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि खराटा उचलला. आत्याला वाटलं, चोर असाच गप्प बसतो.

पण चौथ्या दिवशी आणखी एक पिल्लू कमी झालं.

मग ती स्वतःच पाळतीवर बसली. दुपारची वेळ, प्रेक्षक जेवायला गेलेले. चाऱ्याच्या खोलीच्या खिडकीतून ती डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. टिटवी ओरडत घिरट्या घालायला लागली. कुंपणाकडेला एकच जनावर होतं, एक हरणी. हिची आई बाळंतपणात गेली तेव्हा आत्यानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आता तिलाच पाडस झालं होतं. हरणीनं मान खाली घातली, हुंगलं आणि पिल्लू उचललं. गवताचा घास चावावा तसं, डोळे अर्धे मिटून, सावकाश चावलं. मग दुसरा घास गवताचाच घेतला.

आत्या खिडकीत तशीच उभी राहिली. तिनं आधी आपल्याच डोळ्यांवर संशय घेतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. दुसऱ्या दिवशीही तेच दिसलं.

दोन दिवस ती चाऱ्याच्या खोलीत पेंढ्या उलट्यापालट्या करत राहिली. आवाराबाहेर पंजा पाचोळा झाडत होता, त्याच्या खराट्याचा आवाज तिला आत ऐकू येई. तिसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. त्यांना नवल वाटलं नाही. दूध पाजणाऱ्या हरणीच्या अंगातला चुना कमी पडतो, म्हणाल्या, मग ती हाडंही चघळते आणि हाताशी आलं तर पिल्लूही खाते. आजवर फार थोड्यांनी पाहिलं एवढंच. त्यांनी आवारात क्षाराच्या विटा चाटायला ठेवायला सांगितल्या आणि घरट्यांभोवती बुटकी जाळी.

साहेबांसमोर तक्रार मागे घेऊन आत्या मांसघराच्या दाराशी गेली. आयुष्यात पहिल्यांदाच. किल्ल्या परत मिळालेला पंजा मांसाच्या पाट्या धूत होता.

“चुकले मी,” ती म्हणाली. “पण एक सांगा, पिशवीत काय नेत होता?”

“गवत,” तो म्हणाला. “सिंहिणीचं पोट बिघडलं की ती खाते. तुमच्या कुंपणाकडचं कोवळं असतं.”

“मग विचारायचं होतं.”

“अठ्ठावीस वर्षांत तुम्ही माझ्या नमस्काराला उत्तर दिलं नाहीत, बाई. विचारू कसं?”

दुसऱ्या दिवसापासून आत्या स्वतः गवत कापून दाराशी ठेवायला लागली. पंजा ते घ्यायचा, मान हलवायचा. त्यापलीकडे मैत्री काही झाली नाही. मन एकदा विटलं की विटलंच.

दादाला तिनं जेवताना सांगितलं. त्याला पटेना. तो सुटीच्या दिवशी स्वतः आला आणि संध्याकाळपर्यंत कुंपणाला टेकून उभा राहिला. एव्हाना जाळी लागली होती, विटा आल्या होत्या. हरणी गवत खात होती. “बघ,” दादा म्हणाला, “तुझ्याच डोळ्यांत दोष.”

आत्या भांडली नाही. त्याला फाटकापर्यंत पोचवलं, कुलूप लावलं आणि पाडसाच्या चाऱ्यात टिटवीचं पिल्लू तर शिरलं नाही ना, हे हात घालून बघायला गेली.