बऱ्या झालेल्या मुलींची कार्डं

आम्ही जुने सहकारी चहाला बसलो की कार्डांच्या कपाटाचा विषय निघतोच. एकानं एक सांगितलं की दुसऱ्याला दुसरं आठवतं आणि चहा गार होतो. नव्वदच्या दशकात मी सोलापूरच्या एका दवाखान्यात कॅन्सर विभागाचा क्लार्क होतो. पेशंटच्या कार्डांचं ते कपाट माझ्या ताब्यात असायचं.

एका सोमवारी आमच्या डॉक्टरबाई कॉन्फरन्सहून थेट माझ्या टेबलाशी आल्या. हातातली बॅगसुद्धा ठेवली नव्हती.

"कुलकर्णी, लिंफोमाच्या मुलींची कार्डं काढा. छातीला किरण दिलेत त्या सगळ्या."

लिंफोमा म्हणजे मानेत, काखेत, छातीत गाठी येतात तो कॅन्सर. मी म्हणालो, "बाई, त्या तर बऱ्या झाल्यात."

"म्हणूनच. त्यांना अजून पन्नास वर्षं जगायचंय."

कोवळ्या वयात छातीला किरण लागले की पुढे दहा-वीस वर्षांनी स्तनाचा कॅन्सर होण्याची भीती असते, असं त्या ऐकून आल्या होत्या. सगळ्यांना दरवर्षी तपासायचं ठरलं. त्या हुरूपात बाई जेवायच्याही विसरल्या.

* * *

करकंबला सासरी असलेल्या एकीला मी पोस्टकार्ड टाकलं, "तपासणीस यावे." सासूचं उत्तर आलं, "सून ठणठणीत हाय. परत कार्ड टाकू नये." सासरी आजार सांगितलेलाच नव्हता.

बाई म्हणाल्या, "मैत्रीण म्हणून लिहा."

मी लिहिलं, "फार दिवस भेट नाही, सोलापूरला ये. तुझी मैत्रीण कुसुम."

महिन्याभरानं सून आली, सोबत सासू. ती थेट माझ्यापुढं उभी राहिली. "कुसुम कुटं बसती?"

माझ्या मिशा तेव्हा चांगल्या जाड होत्या. तेवढ्यात बाई बाहेर आल्या. "मीच कुसुम. या मावशी." आणि सुनेआधी सासूलाच तपासायला आत घेतलं!

* * *

घरी स्वतःचं स्वतः तपासता यावं म्हणून बाई बायकांना शिकवायच्या. टेबलावर ज्वारीचे तीन दाणे, वर दुहेरी टॉवेल. बोटांनी चाचपून दाणे शोधायचे. शुक्रवार पेठेतली महादेवी, सतराव्या वर्षी किरण घेतलेली, आता तिशीची. तिनं डोळे मिटून बोटं फिरवली.

"चार हायत."

"तीनच आहेत गं. मीच ठेवलेत."

"चार."

टॉवेल उचलला. तीन दाणे आणि बाईंच्या कानातली कुडी. सकाळपासून अख्खा विभाग ती शोधत होता.

* * *

पुढच्या वर्षी महादेवी तारखेच्या दोन महिने आधीच आली. "बाई, डाव्या बाजूला गाठ हाय."

बाईंनी तपासलं, सर्जननी तपासलं. दोघांनाही काही लागेना. सर्जन म्हणाले, "भास आहे. घाबरलीय ती."

"मी घाबरले न्हाय," महादेवी म्हणाली. "मला लागतंय की."

बाई सर्जनना म्हणाल्या, "ती बोट ठेवते तिथलाच तुकडा काढा."

रिपोर्ट आला. कॅन्सरच निघाला, पण अगदी लहान. स्तन काढावा लागला. महादेवी वाचली.

* * *

ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा दाखवायला आली तेव्हा ओपीडी सुरू व्हायची होती. मी दाराबाहेर फाइल घेऊन उभा होतो. तपासून झालं. पडद्याआडून महादेवीचा आवाज आला.

"बाई, तुमचं कोण बघतं?"

बाई हसल्या. मग हसू थांबलं. "कुणी नाही."

"मग झोपा की इथं. मी बघते."

महादेवीनं पडद्याबाहेर येऊन माझ्या तोंडावर आतून दार लावून घेतलं.

त्या दिवशी ओपीडी उशिरा सुरू झाली. दार उघडल्यावर बाई माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "कुलकर्णी, एक कोरं कार्ड द्या."