पंज्याखालचं पिल्लू

कल्याणच्या बंदरावर मामंजींचा भाताचा व्यापार होता. चीनहून आलेल्या एका गलबताच्या तळाशी भार म्हणून घातलेली दगडी सिंहांची जोडी त्यांनी मुंबईत विकत घेतली आणि मचव्यातून खाडीने आणून आमच्या दाराशी बसवली. घराची राखण करतील म्हणाले. बटाट्याएवढे डोळे, कुरळी आयाळ. आपल्याकडचे सिंह असे नसतातच. नराच्या पंज्याखाली चेंडू होता. मादीच्या पंज्याखाली उताणं पडलेलं पिल्लू.

त्या दारातून माझी दोन मुलं गेली. एक सव्वा वर्षाचं, एक तीन महिन्यांचं. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा शेजारणी उघड बोलू लागल्या, की पोटच्या पोराला तुडवणारी दारात बसली आहे, या घरात पोर जगेल कसं. सासूबाईंना ते पटलं. मला तर केव्हाच पटलं होतं. येता-जाता मी त्या मादीला मनात शिव्या घालायची.

दाराची राखण हलवायची नाही, म्हणून मामंजी हटून बसले. ते कामासाठी मुंबईला गेले तसा मी यांच्यामागे लकडा लावला. यांनी पाथरवट बोलावला. अख्खी मादी उचलायला चार गडी लागले असते, म्हणून नुसतं पिल्लू काढ, असं मीच सांगितलं. तो दुपारभर छिन्नी चालवत होता. मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. मामंजी परत आले, त्यांनी पंज्याकडे एकदा बघितलं आणि पाय धुवायला आत गेले.

मुलगा झाला. त्याची पाचवी पुजली. बारशाच्या आदल्या दिवशी तो गेला.

आठ दिवसांनी वेताच्या टोपल्या विकणारा एक चिनी दाराशी आला. ठाण्याच्या तुरुंगातून सुटून तिकडेच राहिलेला, मोडकंतोडकं हिंदुस्थानी बोलणारा. मी ओटीवर बसले होते. आत जा म्हणून मला सांगायचंही घरच्यांनी सोडलं होतं. त्याने रिकाम्या पंज्यावरून हात फिरवला आणि पिल्लू कुठे गेलं, असं यांना विचारलं. ती त्याला मारत होती म्हणून काढलं, असं हे म्हणाले.

“मारता नहीं,” तो म्हणाला. “दूध पिलाता.”

त्याच्या मुलखात म्हणे सिंहीण पंज्यातून दूध पाजते.

माझी चोळी अजून दुधाने भिजत होती. दोन्ही हात छातीशी आवळून मी तिथेच बसून राहिले. तिचं अंगावर पिणारं पोर मी काढून घेतलं होतं, आणि माझं दूध प्यायला घरात कोणी नव्हतं.