दमलेला कुत्रा

भवानीनगरजवळच्या आमच्या वस्तीवरून जिकडं बघावं तिकडं ऊस. सगळ्यात उंच जागा म्हणजे विहिरीतून काढलेल्या मातीचा ढिगारा. त्यावर मी रोज चढायचो, म्हणून स्वतःला गिर्यारोहक समजायचो. बायकोला ते मान्य नव्हतं. डॉक्टरांनी माझ्या पोटाबद्दल चार शब्द सुनावले आणि तिने फर्मान काढलं, "रविवारी देवीच्या डोंगरावर जायचं. न बसता चढला, तर चहात साखर. बसला, की बंद."

मी ऊसवाला माणूस. साखर कारखान्याचा सभासद, त्यामुळे साखर घरात पोत्याने येते. पाहुण्यांसमोर फिक्का चहा प्यायलो असतो, तर काय अब्रू राहिली असती?

म्हणून आमच्या वस्तीवरच्या कुत्र्याला सोबत घेतलं. शेतात मी बांधावर टेकलो रे टेकलो, की तोही आडवा होतो आणि हातभर जीभ बाहेर काढतो. त्याचा हा गुण मला फार कामाचा वाटला.

पहिल्याच वळणावर माझ्या पोटऱ्या बोलायला लागल्या. मी दगडावर टेकलो. कुत्रा आडवा.

"का बसला?"

"मी कुठं बसलोय? कुत्रं दमलंय. मुकं जनावर हाय, वाईच दम घेऊ दे त्येला."

कुत्र्याने असा काही सुस्कारा सोडला, की मलाच त्याची दया आली.

पुढच्या वळणावर पुन्हा तेच. "लईच नाजूक हाय हो तुमचं कुत्रं," ती एवढंच म्हणाली.

देवळाच्या पायऱ्या दिसल्या आणि मी तिसऱ्यांदा टेकलो. या वेळी ती थांबलीच नाही. सावकाश वर गेली, कट्ट्यावर बसली आणि भाकरीच्या डब्याचं झाकण उघडलं. एवढाच आवाज. आमचं नाजूक जनावर असं सुटलं, की त्याच्या पायाखालचे खडे घरंगळत माझ्यापर्यंत आले.

वरून आवाज आला, "अहो, दमल्यालं तर वर पोचलं. खाली कोण बसलंय, बघा जरा."

मी वर पोचलो तेव्हा कुत्रा भाकरी खात होता. बायकोने थर्मासमधून दोन कप चहा ओतला. मग पिशवीतून साखरेची पुडी काढली. म्हणजे माझ्याबद्दल तिला थोडी तरी आशा होती. पुडीतली साखर तिने स्वतःच्या कपात घातली आणि उगाचच बराच वेळ चमचा फिरवत राहिली.

"बसा की आता," ती म्हणाली.

मी उभ्यानेच चहा संपवला.