पाणी न शिरणारा डबा

आमच्या गावात रेल्वे येते ती फक्त निवडणुकीच्या भाषणात. दर पाच वर्षांनी पांढऱ्या कपड्यातला एक माणूस शाळेच्या पटांगणात उभा राहतो, हात लांब करून खाडीच्या दिशेने रूळ टाकतो, टाळ्या घेतो आणि निघून जातो. मग आम्ही पुन्हा एसटीच्या थांब्यावर. अशा गावात बसून, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, मी रेल्वेच्या डब्याचं मॉडेल बनवायला घेतलं. ह्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. माझ्या बायकोने तिचं म्हणून घेतलं आहे.

ह्याला छंद म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. छंद हा शब्द रविवारच्या पुरवणीत शोभतो, निवृत्त साहेबांच्या फोटोखाली. मी तो डबा मागवला तो वडिलांना दाखवायला. मी केलेली एखादी वस्तू वडिलांनी हातात घ्यावी आणि 'बरी झालीय' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. चोपन्न वर्षांत ते एकदाही घडलं नव्हतं. ही काय माणसाने सांगायची गोष्ट आहे? पण आता सांगायला बसलोच आहे, तर लपवून उपयोग नाही.

वडील होड्या बांधणारे सुतार. मुरुडपासून रेवदंड्यापर्यंत एके काळी त्यांच्या हातच्या होड्या पाण्यात होत्या. एक डोळा मिटून फळीकडे पाहिलं की केसाएवढा बाक त्यांना दिसायचा, आणि दिसला की ते गप्प बसत नसत. गिऱ्हाईक असो, पाहुणा असो, घरचा असो. मी अकरा वर्षांचा असताना त्यांना न सांगता एक पाट केला होता. त्यांनी तो जमिनीवर ठेवला, एका कोपऱ्यावर बोट दाबलं, पाट डुगडुगला. "ह्याच्यावर जेवाया बसलं तं आमटी मांडीवर," असं म्हणाले आणि पाट चुलीपाशी सरकवला. पुढे मी तहसील कचेरीत कारकून झालो. गावातल्या इतर बापांनी पेढे वाटले असते. आमचे म्हणाले, "बरं झालं, कागदाला रंधा लागत न्हाय."

मग लाकडी होड्या गेल्या आणि फायबरच्या आल्या. वडील त्यांना बादल्या म्हणतात. कामच नाही म्हटल्यावर ते पडवीत खुर्ची टाकून बसले आणि उरलेलं सगळं कसब जगाला नावं ठेवण्यात घालू लागले. शेजाऱ्याचं नवं फाटक, पंचायतीने बांधलेली गटाराची भिंत, माझ्या बायकोने वाळत घातलेले पापड. सगळं वाकडं. आई गेल्यावर त्यांचं बोलणं कमी झालं, पण टोमण्यांत काही कपात झाली नाही.

लाकडातलं काही करायला घेतलं असतं तर मेलोच असतो. म्हणून ज्यातलं त्यांना ओ की ठो कळणार नाही अशी वस्तू मी शोधली. वडील जन्मात रेल्वेत बसलेले नाहीत. मुंबईला दोन-तीनदा गेले असतील ते लाँचने किंवा एसटीने, आणि परत आले ते मुंबईला शिव्या देत. तेव्हा ठरलं, रेल्वेचा डबा, आणि तोही प्लास्टिकचा. ज्या माणसाला त्यातलं काही कळत नाही, त्याच्याच तोंडून मला त्याचं कौतुक ऐकायचं होतं. कचेरीत तीस वर्षं काढली की डोकं असंच चालायला लागतं.

खोका आला. वरच्या चित्रात झळझळीत तांबडा डबा, आत प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शे-दीडशे तुकडे. दोन बाजू, दोन टोकं, छत, तळ, चाकं, पायऱ्या आणि दारांच्या मुठी. त्या मुठी इतक्या बारीक की शिंक आली तर पुढचे दोन दिवस शोधत बसावं. सोबत एक माहितीपत्रक होतं, नुसते आकडे आणि बाण. ते ज्याने काढलं त्याची एकच इच्छा असावी, की आपल्यानंतर हा डबा कुणाकडून होऊ नये.

मग मी मोबाईलवर असे डबे बनवणाऱ्यांच्या एका ग्रुपात शिरलो. तिथे सगळेच तज्ज्ञ. एक गृहस्थ तर रोज कुणा ना कुणाच्या डब्याचा तांबडा रंग चुकला आहे असं कळवायचे. त्यांचा स्वतःचा डबा मात्र आजवर कुणी पाहिलेला नव्हता.

काम करायला उजेड पडवीतच. म्हणजे वडिलांच्या खुर्चीसमोर. पहिल्या दिवशी त्यांनी तासभर नुसतं पाहिलं.

"ह्यात मानसं बसनार?"

"नाही."

"मंग येवढे दरवाजे कशाला?"

"खऱ्या डब्याला असतात म्हणून."

"खऱ्यात मानसं बसतात," असं म्हणून ते रस्त्याकडे बघायला लागले.

तुकडे चौकटीतून कापले की कडेला बारीक गाठ राहते. ती कानशीने घासायची. मी घासू लागलो. दुसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. "कानस पुढं ढकलायची, मागं येताना उचलायची. खाजवतोस काय?" मी तसं करून पाहिलं. गाठ दोन हातांत साफ. त्यांचं बरोबर निघालं ह्याचाच मला जास्त राग आला. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझा कटर उचलून पात्याला अंगठा लावला, "ह्यानं लोनी बी कापनार न्हाय," म्हणाले आणि न विचारता दगडावर घासून आणला. चौथ्या दिवशी खुर्ची हातभर पुढे आली होती.

चिकटवायचं काम मात्र मी त्यांना करू दिलं नाही. तो डिंक प्लास्टिक विरघळवून जोडतो, एक थेंब जास्त पडला की कड वितळून खचते. बाजू, टोकं, तळ आणि छत जोडून सांगाडा उभा राहिला. त्यावर करड्या रंगाचा पहिला हात मारला तो संध्याकाळी, आणि समुद्रावरच्या दमट हवेने त्यावर पांढुरकी साय धरली. ग्रुपवर विचारलं. रंगाच्या चुका काढणाऱ्या गृहस्थांनी कळवलं, हवा कोरडी असताना रंगवा. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला असला सल्ला द्यायला डोकं नव्हे, धाडस लागतं. ती साय घासून काढली आणि रविवारी भर दुपारी पुन्हा फवारा मारला. ह्या वेळी रंग बसला. दोन-चार दिवस नीट वाळू दे म्हणून सांगाडा पडवीतल्या टेबलावर ठेवला आणि मी कचेरीत जाऊ लागलो.

गुरुवारी संध्याकाळी परत आलो तर वडील पायरीवर बसलेले. दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा. शेजारचा लॉजवाला चहा पीत उभा होता. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर माझा डबा ठेवलेला.

काय झालं आहे ते मला चटकन कळेना. डबा काहीतरी वेगळा दिसत होता एवढंच. मग कळलं. त्याला दरवाजे नव्हते.

दरवाज्यांच्या कडेच्या सगळ्या रेघा बुजल्या होत्या. डब्याची बाजू ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत, फक्त खिडक्या तेवढ्या वाचल्या होत्या. छतावरच्या हवेच्या झडपा सपाट. तळाशी चाकांच्या खिळ्यांसाठी भोकं होती, तीही बंद. वडिलांनी डबा उचलून उन्हात धरला होता आणि सांध्यांतून त्यांना उजेड दिसला होता. होडीच्या सांध्यातून उजेड दिसला तर त्या होडीत माणूस बसवत नाहीत. सांध्यात कापूस ठासायचा, वर लेप द्यायचा, घासून सपाट करायचं. जन्मभर त्यांनी हेच केलं. देवघरातल्या वाती घेऊन त्यांनी त्या पिंजल्या होत्या, सुईच्या टोकाने कापूस फटीत बसवला होता, खिडकीच्या कामातून उरलेली पुट्टी त्यावर भरली होती आणि पॉलिश पेपरने घासलं होतं. तीन दिवस, मी नसताना, ऐंशी वर्षांच्या हातांनी. मी नख फिरवून पाहिलं. नखाला कुठे काही लागलं नाही.

"आता थेंब शिरायचा न्हाय," वडील म्हणाले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

तसं बघणं माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. मी स्वतः सगळा जन्म त्यांच्याकडे तसाच बघत आलो होतो. पण हे मला नंतर सुचलं. त्या वेळी मला फक्त नसलेले दरवाजे दिसत होते.

"बाबा, रेल्वे रुळांवर चालते," मी म्हणालो. "पाण्यात नाही."

लॉजवाला हसला. कुणी हसलं की मला चेव येतो, हा माझा जुना दोष आहे.

"आता ह्याला नांगर बांधा आणि सोडा खाडीत," मी म्हणालो. "जन्मात एकदा तरी गाडीत बसला असतात तर कळलं असतं. ज्यातलं कळत नाही त्याला हात लावू नये, हे तुम्हीच सांगायचात ना आम्हाला?"

लॉजवाला पुन्हा हसला. बायको दारात येऊन उभी राहिली होती. वडिलांनी डब्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. बोटांना पुट्टी लागलेली होती.

"उजेड येत व्हता," ते हळू आवाजात म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "रेल्वेला चालतं का त्ये?"

"चालतं."

"व्हय," म्हणाले आणि आत गेले.

आता खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, चांगलं वाटलं. चोपन्न वर्षांत त्यांची चूक पहिल्यांदा माझ्या हाती लागली होती आणि मी ती चारचौघांत दाखवली होती. त्या दिवशी मी चवीने जेवलो, भात दोनदा घेतला. वडिलांनी भूक नाही म्हणून सांगितलं. ताटं उचलताना बायकोने विचारलं, "शोभलं का हे तुम्हाला?"

"चूक त्यांची होती."

"चूक कुणाची ते नाही विचारलं मी," ती म्हणाली.

पुढचे पंधरा दिवस मी डबा खरवडत होतो. काम वाईट झालं असतं तर दोन दिवसांत निघालं असतं. ह्यातला कापूस सुईने ओढला तरी सुटेना, तंतू तंतू वेगळा करावा लागला. छत तर पातं घालून उचकटावं लागलं. एकेका दरवाज्याला एक संध्याकाळ गेली. वडिलांची खुर्ची पडवीत नव्हती. ती मागच्या दारी विहिरीपाशी गेली होती. तिकडे वारा बरा लागतो, असं ते बायकोला म्हणाले होते. माझी कानस पुन्हा मागेपुढे खाजवायला लागली आणि बोलणारं कुणी नव्हतं.

शेवटी डबा उभा राहिला. तांबडा रंग दिला, खिडक्यांच्या वर पिवळट पट्टा ओढला, चिकटपट्टी काढली तर कड सुरेख आली होती. पायऱ्या लावल्या, मुठी लावल्या, चाकं बसवली. ग्रुपवर फोटो टाकला. गृहस्थांनी कळवलं की तांबडा रंग चुकला आहे. मी त्या ग्रुपातून बाहेर पडलो, आणि एवढ्या सगळ्यात शहाणपणाची तेवढी एकच गोष्ट माझ्या हातून झाली.

डबा घेऊन मागच्या दारी गेलो. वडील सुपाऱ्या सोलत बसले होते.

"झाला डबा," मी म्हणालो.

मी तो अजून त्यांच्यासमोर धरलाही नव्हता. "चांगला झालाय," ते म्हणाले. "लय चांगला झालाय."

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता.

"बघा तरी," मी म्हणालो.

त्यांनी हात पुसले आणि दुसऱ्याचं मूल घ्यावं तसा डबा दोन्ही हातांत घेतला. एकदा फिरवला आणि परत माझ्यापुढे केला. "येक नंबर," म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. हवं ते मिळालं होतं, आणि मी तिथे उभा राहून एखादी तरी शिवी मिळावी म्हणून वाट बघत होतो. वाकडं म्हणा, खेळणं म्हणा, आमटी मांडीवर म्हणा, काहीही म्हणा, पण असं म्हणू नका.

उचकटल्यामुळे छताचं एक टोक वर राहिलं होतं. केसाएवढं नव्हे, चांगलं नखभर. पुष्कळ दाबून पाहिलं, बसलं नव्हतं. रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही दिसलं असतं.

"हे टोक बघा," मी म्हणालो. "छत वाकडं बसलंय ना इथं?"

त्यांनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि डोळ्यांवर चढवला. डबा डोळ्यांच्या रेषेत धरला, एक डोळा मिटला आणि छतावरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर नेली. त्या टोकाला नजर थांबली. मला दिसलं थांबलेली. मग त्यांनी डबा खाली घेतला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"न्हाय," वडील म्हणाले. "सरळ हाय."