मालकांचा वकील

माझ्या मावशीचा नवरा कपबशांच्या कारखान्यात दगडाची पूड कालवायचं काम करायचा, आणि सगळी वस्ती त्याला वकील म्हणायची. कायद्याचं एक पानही काकांनी कधी उलटलं नव्हतं. पण मालकांविरुद्ध कोणी चकार शब्द काढला की ते बाह्या सरसावून उभे राहत, म्हणून वकील. मावशी म्हणायची, "फी न घेणारा वकील. आणि अशील असा की आपल्याला वकील आहे हे त्याच्या गावीही नाही."

मी लहानपणापासून या दोघांकडेच वाढले. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून कामगारांच्या खोल्यांची रांग होती, त्यातल्या शेवटच्या दोन आमच्या. मावशीही कारखान्यातच होती. ती कपांना कान चिकटवायची. साच्यातून कप येतो तो बुचा येतो, कान वेगळे येतात. ओल्या मातीचा ठिपका लावून कान बसवायचा, ओल्या स्पंजने सांधा पुसायचा, फळीवर ठेवायचा, पुढचा घ्यायचा. मजुरी नगावर. भट्टीत कान निखळला तर तो कप मजुरीतून वजा. निखळायला भट्टी कारणीभूत असो की माती, कापली जायची ती बाईचीच मजुरी.

कान चिकटवायची खोली आणि पुडीचं खातं यांच्यामध्ये फक्त एक पत्र्याचा पडदा होता. पलीकडे काका पोती फोडून पूड यंत्रात ओतत, आणि ती पिठासारखी पांढरी धूळ पडद्यावरून इकडे येऊन बायकांच्या केसांवर, पापण्यांवर, डब्यातल्या घासावर बसायची. खिडक्या होत्या, चांगल्या मोठ्या होत्या, पण त्यांना स्क्रू मारून टाकले होते. वारा लागला की ओला सांधा एका बाजूने आधी सुकतो आणि तडकतो, म्हणून. धूळ बाहेर खेचणारा पंखा बसवा, असं बायकांनी कितीदा सांगितलं. मॅनेजर दर वेळी म्हणायचा, "विचार चालू आहे." मावशी म्हणायची, यांचा विचार चालतो तेवढा पंखा चालला असता तर आम्ही थंडीने काकडलो असतो.

घरात जेवताना रोज हाच खटला चालायचा.

"मालकांच्या वडिलांनी कारखाना काढला नसता," काका म्हणायचे, "तर आपण काय खाल्लं असतं?"

"काढलाय म्हणून काय खातोय ते बघा. ताटात आहे."

"त्यांनी पैसा घातला, धोका पत्करला. तू पत्करला असतास?"

"मी रोज नाकातोंडात भरून आणते तो काय आहे मग? अत्तर?"

"तुला उपकाराची जाणीवच नाही."

"आहे ना. त्यांच्यावर आपण केलेल्या उपकारांची आहे."

काका ताट घेऊन उठायचे आणि मोरीपाशी बराच वेळ खोकायचे. खोकला तेव्हाच सुरू झाला होता. त्याला ते 'घशाची खवखव' म्हणत.

मालक म्हणजे थोरल्या मालकांचा मुलगा. परदेशात शिकून आला होता आणि तिकडून कपबशांपेक्षा भाषणांचं तंत्र जास्त चांगलं शिकून आला होता. संपत्ती निर्माण करणारा माणूस हाच खरा समाजसेवक, हे त्याचं आवडतं वाक्य. नोकरी देणं हे सर्वांत मोठं दान, हे दुसरं. बोलायला उभा राहिला की ऐकणाऱ्याला वाटावं, कारखाना हा गृहस्थ पदरमोड करून चालवतो आणि कप विकले जातात ते केवळ योगायोगाने. त्याने गावाला बाग दिली, बागेत वडिलांचा पुतळा बसवला, कॉलेजला ग्रंथालय बांधून दिलं. काका पुतळ्यासमोरून जाताना टोपी काढायचे. मालक कारखान्यात फेरी मारायला आले की काकांच्या खांद्यावर हात ठेवत. बरोबर फोटोग्राफर असला तर "कसे आहात काका?" आणि नसला तर "काय रे, बरं आहे ना?" हा फरक वस्तीत सगळ्यांना माहीत होता. काकांनाही असणार. पण खांद्यावर हात पडला की त्यांचा चेहरा असा उजळायचा की मावशी मान वळवून घ्यायची.

एकदा बायकांनी पंख्यासाठी काम बंद ठेवायचं ठरवलं, तर काका दारोदार फिरून त्यांना समजावत सुटले. मालकांना अडचणीत आणू नका, नुकतीच मोठी ऑर्डर आली आहे, वेळ बघून बोलू. बंद फसला. त्यानंतर वस्तीतल्या बायका आमच्या दारावरून जाताना काकांकडे बघून थुंकायच्या. मावशी काकांशी कितीतरी दिवस बोलली नाही. जेवण वाढायची, पण ताट आदळायची.

मग काकांची खवखव छातीत उतरली. जिना चढवेना, पोतं उचलवेना, झोपताना दोन उशा लागायला लागल्या. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि सांगितलं, फुप्फुसात दगड बसलाय, निघणार नाही. कारखान्याने काकांना घरी बसवलं. त्याच सुमाराला मालकांनी सरकारी दवाखान्याला छातीच्या रोगांचा एक वॉर्ड बांधून दिला. थोरल्या मालकांच्या नावाने, संगमरवरी पाटीसकट. वर्तमानपत्रांनी त्यांच्या दातृत्वावर रकानेच्या रकाने लिहिले. त्या वॉर्डात भरती होणारे निम्मे लोक कुठून येणार आहेत, हे कुणी लिहिलं नाही. मावशी म्हणाली, "आधी माल तयार करायचा, मग गोदाम बांधायचं. धंदा पक्का आहे."

काका मात्र हरखून गेले. त्यांना त्याच वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली होती. भेटायला येईल त्याला ते भिंतीवरचा रंग दाखवत, जणू घर बांधलंय.

वॉर्ड सुरू झाल्याच्या निमित्ताने दवाखान्याच्या सभागृहात एक जाहीर वाद ठेवला होता. विषय होता, 'श्रीमंती नैतिक असू शकते का?' एका बाजूने मालक, दुसऱ्या बाजूने कॉलेजातले एक प्राध्यापक. हे प्राध्यापक कामगारांच्या बाजूने लिहिणारे म्हणून प्रसिद्ध होते. भांडवलाने माणसाचं काय केलं यावर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला होता, आणि तो लिहिला मालकांच्याच ग्रंथालयात बसून. कारखान्याचं फाटक त्यांनी रस्त्यावरून जाताना पाहिलं असेल तेवढंच.

सभेच्या आठवडाभर आधी दोघांकडूनही काकांना निरोप आला. मालकांच्या माणसाने सांगितलं, पहिल्या रांगेत बसा, मालक तुमचा उल्लेख करणार आहेत. प्राध्यापकांचा विद्यार्थी येऊन म्हणाला, सर तुमचं उदाहरण देणार आहेत, समोर असलात तर परिणाम होईल. मावशीने दोघांनाही एकच उत्तर दिलं: "तिकीट ठेवा. फुकट कशाला दाखवायचे?"

पण काकांना जायचंच होतं. त्यांना दोन शब्द बोलायचे होते. आठवडाभर ते खाटेवर पडून ओठ हलवत होते. काय बोलणार, असं विचारलं तर म्हणाले, "आभार मानायचेत." मावशी म्हणाली, "मी नाही ऐकणार." तरीही सकाळी तिनेच त्यांची दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, आणि आम्ही दोघींनी त्यांना चाकाच्या खुर्चीतून, ऑक्सिजनच्या नळकांड्यासह, पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.

मालक आधी बोलले. हात पुढे करून म्हणाले, "हे आमचे काका. आमच्या कुटुंबातलेच. यांच्या हाताला काम मिळालं, डोक्यावर छप्पर मिळालं, आणि आज आजारपणात आमच्याच वॉर्डात उपचार मिळताहेत. कुणी सांगावं यात अनीती कुठे आहे." टाळ्या पडल्या. मग प्राध्यापक उठले आणि त्यांनीही हात पुढे केला, त्याच खुर्चीकडे. "हा माणूस नाही, हा पुरावा आहे," ते म्हणाले. त्यालाही टाळ्या पडल्या, त्याच लोकांच्या. पुरावा आहे म्हटल्यावर काकांनी माझ्याकडे बघितलं. काय म्हणाले, असं त्यांनी खुणेने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही."

प्राध्यापक रंगात आले असतानाच काकांना खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. एक संयोजक वाकून आला आणि मावशीच्या कानात म्हणाला, "बाई, जरा बाहेर घेता का? रेकॉर्डिंग चालू आहे, आवाज येतोय."

आम्ही काकांना बाहेर नेलं. आत त्यांच्यावरून वाद चालू राहिला.

बाहेरच्या लांब पडवीत कोणी नव्हतं. एका बाकावर मावशी बसली. काकांचा श्वास जरा ताळ्यावर आला तसं ते म्हणाले, "माझं बोलायचं राहिलं."

"राहू दे."

"पाठ केलंय मी."

मावशीने एक सुस्कारा सोडला. "बोला मग. मला सांगा."

काकांनी पाठ ताठ केली आणि बोलायला लागले. माननीय मालक आणि जमलेल्या सज्जनांनो. थोरल्या मालकांनी आपल्याला कामावर कसं घेतलं, धाकट्या मालकांनी खांद्यावर कसा हात ठेवला, आपण त्यांच्या मिठाला कसे जागलो, कधी कामबंदीत गेलो नाही, उलट ती मोडली. मावशी जमिनीकडे बघत ऐकत होती, जबडा घट्ट. प्रत्येक वाक्यानंतर काका नळीतून श्वास घेत. शेवटी ते म्हणाले, "इतकी वर्षं मी मालकांकडे काही मागितलं नाही. आज एकच मागतो. माझी बायको अजून कान चिकटवते. त्या खोलीला आणि पुडीच्या खात्याला एक पंखा बसवून द्या. माझ्या सेवेची आठवण म्हणून."

मावशीने मान वर केली. "हे मागणार होतात?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. पण योग्य वेळ यायला पाहिजे होती. भांडणाऱ्याचं ते ऐकत नाहीत. आपल्या माणसाचं ऐकतात."

"आणि त्यासाठी आयुष्यभर त्यांचे पाय चेपलेत. आमचा बंद मोडलात."

"बंद केला असता तर बायकांना काढलं असतं. मी वजन साठवत होतो गं. माझ्या शब्दाला वजन यावं म्हणून."

मावशीचा चेहरा मी तसा पूर्वी कधी पाहिला नव्हता. राग होता, पण तो कुणावर टाकावा हे तिला कळत नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं आणि मालक व प्राध्यापक हसत हसत एकत्र बाहेर आले. मागे फोटोग्राफर. मालकांनी सवयीने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, आलात त्याबद्दल आभारी आहे." फोटो निघाला. काका म्हणाले, "मालक, एक विनंती होती." तोवर फोटोग्राफर पुढे गेला होता. "ऑफिसात ये कधीतरी, बोलू," मालक म्हणाले आणि निघाले. ज्या माणसाला स्वतःच्या खाटेवरून मोरीपर्यंत जाता येत नव्हतं, त्याला ऑफिसात बोलावून. प्राध्यापक क्षणभर थांबले, मावशीला म्हणाले, "मी तुमच्या संघर्षाला सलाम करतो." मग दोघे एकाच गाडीत बसून जेवायला गेले.

काका त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. ऑफिसात जायचं आहे, असं मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले. मालकांकडून फुलांचं मोठं चक्र आलं, त्यावर कारखान्याचं नाव माणसाच्या नावापेक्षा मोठं.

मावशी कामावर परत गेली त्या सकाळी तिने पिशवीतून काकांचा स्क्रू ड्रायव्हर नेला होता. स्टुलावर चढली आणि एकेक करत सगळ्या खिडक्यांचे स्क्रू काढले. दोन बायकांनी स्टूल धरलं. खिडक्या उघडल्या, वारा आत आला, आणि दुपारपर्यंत फळ्यांवरचे कान टपाटप तडकले. मॅनेजर धावत आला. नुकसान कोण भरणार, असं त्याने विचारलं.

"ज्याच्या खिडक्या आहेत तो," मावशी म्हणाली.

तिला त्याच दिवशी काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी स्क्रू परत मारायला माणूस आला, तर बायका खिडक्यांना पाठ लावून उभ्या; पंखे येईपर्यंत एकही कान चिकटवणार नाही, म्हणाल्या. यात त्या दाराशी थुंकणाऱ्याही होत्या. बुचे कप फळ्यांवर साचत गेले, मागे भट्टी रिकामी पडली, ऑर्डर बोटीवर चढायची होती. कान नसलेला कप कोणी घेत नाही. विचार कित्येक वर्षं चालू होता, तो त्या आठवड्यातच संपला आणि पंखे आले.

पुढचं मात्र अगदी मालकांना शोभेल असं झालं. पंख्यांच्या योजनेला त्यांनी काकांचं नाव दिलं आणि पहिलं बटण दाबायला मावशीला बोलावलं, मोटार पाठवतो म्हणाले. कामावर परत घेण्याचं काही बोलले नाहीत. मावशीने आलेल्या माणसाला सांगितलं, "बटण दाबायला अक्कल लागत नाही. मालकांना जमेल." आणि दार लावून घेतलं. समारंभ झालाच. मालकांनी भांडवलाला हृदय असतं असं सांगितलं, आणि प्राध्यापकांनी पुढच्या आवृत्तीत एक प्रकरण वाढवलं.

कारखान्याची खोली सोडावी लागली. आम्ही बाजाराजवळ एक खोली घेतली. मावशी आता एका लाँड्रीत इस्त्री करते. त्या दुकानाला दोन्ही बाजूंनी दारं आहेत, हे तिने कामाला लागायच्या आधी बघून घेतलं. मालकांचं भाषण कुठे छापून आलं की ती त्या कागदात लोकांचे कपडे बांधून देते, वाचत नाही.

काकांवर मात्र ती अजून चिडते. एकदा इस्त्री करता करताच मला म्हणाली, "मालकाचं काय घेऊन बसलीस, तो तसाच होता. पण याला एवढ्या वर्षांत मला सांगता आलं नाही? जेवायला रोज समोर बसत होतो. सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, मूर्ख आहात. निदान दोघांनी मिळून मूर्खपणा केला असता."

मग तिने सदऱ्याची कॉलर उलटी करून पाणी मारलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं गाठोडं ओढलं.