ओपन कुणाचं?

"एस.सी. वेटिंग दोन! कोण आहे? लवकर या, लंच टाइम होतोय."

मॅडमनी माइकवरून हाक मारली. कॉलेजचा हॉल खच्चून भरलेला. पोरं, पोरी, त्यांचे आईबाप. ओपनच्या यादीतल्यांना बोलावलं तेव्हा त्यांना नावं होती. ईशा. पार्थ. सानिका. मला नाव नव्हतं. जात होती आणि आकडा होता.

सगळा हॉल वळून बघायला लागला. वेटिंग दोन दिसते कशी ते बघायला.

मी उठले. माझ्याबरोबर पप्पा उठले. पप्पा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहेत. पाठीवर गोण्या वाहतात. मूळचे साताऱ्याकडचे. पालकाची सही लागते म्हणून त्या दिवशी खाडा करून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. आणि हॉलच्या दारात त्यांनी चपला काढल्या होत्या. एवढ्या माणसांत एकट्याने. मी बघितलं तेव्हा उशीर झाला होता.

मॅडमनीही बघितलं. "काका, चपला घालून आलात तरी चालतं इथे. मंदिर नाहीये हे."

लोक हसले. पप्पाही हसले. ते हसले ते मला जास्त लागलं.

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षी सगळे विषय असतात. दुसऱ्या वर्षी एक निवडायचा, त्याला मेजर म्हणतात. मला सायकॉलॉजी हवं होतं. सगळ्यांनाच हवं असतं, आणि सीटा थोड्या. पहिल्या वर्षाच्या मार्कांवर नंबर लागतो.

मला हौस म्हणून नको होतं. आई पावणे एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये कामाला होती. तिच्या शेजारच्या बाईचा हात प्रेस मशीनमध्ये गेला. आईच्या डोळ्यांदेखत. त्यानंतर आई बोलायची बंद झाली. जेवण करायची, भांडी घासायची, पण तोंडातून शब्द नाही. लोकांनी अंगारे सांगितले, उतारे सांगितले. शेवटी महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. तिथे समुपदेशन करणारी एक ताई होती. तिने आईला गोळी दिली नाही. समोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मला घाई नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा बोला." आई तिसऱ्या खेपेला रडली. मग बोलली. त्या ताईची खुर्ची मला हवी होती. बाकी काही नाही.

"तुझं होणं कठीण आहे," मॅडम म्हणाल्या. "एस.सी.च्या सीटा भरल्या. हिस्टरी घे. तिथे जागा आहे." आणि एक कागद पुढे सरकवला. छापील. 'मी स्वेच्छेने मानसशास्त्राऐवजी इतिहास हा विषय निवडत आहे.' खाली दोन सह्या, माझी आणि पालकाची.

इतिहास वाईट नाही. पण माझी इच्छा त्यांनी आधीच छापून ठेवली होती.

माझ्याआधी वेटिंग एक गेला होता. सुमित. तुर्भ्याचा. पहिल्या वर्षी माझ्या मागच्या बेंचवर बसायचा. त्याने कागद वाचलासुद्धा नाही. सही केली आणि मान खाली घालून निघून गेला.

"काका, जरा समजवा तिला. सायकॉलॉजीला इंग्लिश लागतं, घरचं वातावरण लागतं. उद्या फेल झाली की तुम्हीच रडत याल माझ्याकडे."

पप्पांनी पेन उचललं. "मॅडम म्हनत्यात त्ये खरं असंल, बाळा. त्यास्नी जास्त कळतं."

मी कागदावर तळहात ठेवला. "पप्पा, नाही."

का ठेवला? शूर होते म्हणून नाही. सकाळी ईशा भेटली होती. ईशा माझी मैत्रीण, सीवूड्सला टॉवरमध्ये राहते. तिचं ओपनच्या यादीत शेवटून दुसरं नाव. उड्या मारत आली. "माझं झालं यार! तुझं तर होणारच, तुला कोटा आहे." पहिल्या वर्षी तिच्यापेक्षा मला मार्क जास्त होते. दोघींनाही माहीत होतं. दोघींपैकी एकीलाच त्याचं काही वाटलं नाही. सकाळपासून ते माझ्या डोक्यात फिरत होतं.

"मॅडम, ओपनच्या यादीत शेवटी ज्यांची नावं आहेत, त्यांच्यापेक्षा मला मार्क जास्त आहेत. मग मी ओपनमध्ये का नाही?"

माइक चालूच होता. माझा आवाज हॉलभर गेला. मलाच दचकायला झालं.

"कारण तू ओपन नाहीस."

"ओपन ही कुणाची जात आहे, मॅडम?"

मॅडमनी माइक बंद केला. पण आवाज तेवढाच ठेवला. "सवलत पण पाहिजे, ओपनची सीट पण पाहिजे. दोन्ही ताटांत जेवायचंय का तुम्हाला?"

आतापर्यंत मला तू म्हणत होत्या. इथे एकदम 'तुम्हाला'. आदरार्थी नव्हतं ते. अनेकवचन होतं. त्यात पप्पा होते, सुमित होता, तोंडातून शब्द न निघणारी आई होती, आमचे सगळे मेलेले आणि जिवंत होते.

"सवलत मी घेतलीच नाही," मी म्हणाले. "माझे मार्क तुम्ही त्या डब्यात टाकलेत. सही नाही करणार."

कागद तसाच ठेवून बाहेर आले. पप्पा चपला घालून मागून आले.

बसस्टॉपवर पप्पा माझ्यावर उखडले. "काय गरज हुती माईकवर बोलायची? शेठ लोकांपुढं मान खाली घातली म्हनून चूल पेटली आपली. तुझी फी भरली. आन तू?"

"चपला का काढल्या पप्पा?"

ते रस्त्याकडे बघत राहिले. बस आली तरी चढले नाहीत. दुसऱ्या बसने गेलो.

रात्रभर मोबाइलवर नियम शोधले. होता. सरळ लिहिलेला होता. खुल्या जागा सगळ्यांसाठी खुल्या, मार्क असतील त्याच्या. शाळेत समानता हा धडा मी पाठ केला होता, उत्तर लिहून मार्कही मिळवले होते. तो धडा आपल्याबद्दल आहे हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

प्राचार्यांच्या नावाने अर्ज लिहिला. ऑफिसातला क्लार्क म्हणाला, "ठेवून जा. बघतील सर." पोच देईना. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "मी येते."

आईने ऑफिससमोरच्या बाकावर बैठक मारली. क्लार्क तीनदा म्हणाला, बाहेर बसा. आई म्हणाली, "पोच द्या. मग जाते. मला घाई न्हाई."

शिक्का मिळाला.

पुढे फेऱ्या. आज सर मीटिंगमध्ये, उद्या सर बाहेरगावी. वर्ग सुरू झाले, मी कुठल्याच हजेरीपटावर नाही. मी सायकॉलॉजीच्या वर्गात जाऊन बसायचे. त्याच मॅडम शिकवायला असायच्या. म्हणायच्या, "ज्यांचं नाव नाही त्यांनी बाहेर जावं." मी बाहेर जायचे आणि दारात उभी राहून लिहून घ्यायचे. रोज. शेवटी प्राचार्यांनी बोलावलं. "सॉफ्टवेअरची चूक झाली," म्हणाले. माणसाची नाही. सॉफ्टवेअरची. एक सीट वाढवून मला घेतलं. माफी कुणी मागितली नाही. मॅडमनी वर्गात सांगितलं, "आपण एक स्टुडंट ॲडजस्ट केली आहे." ईशा बोलायची थांबली. तिचं कुणी काढून घेतलं नव्हतं. तरी थांबली.

आणि सुमित? तो वेटिंग एक होता. म्हणजे माझ्यापेक्षाही मार्क जास्त. त्याचंही नाव ओपनमध्येच यायला हवं होतं. मी प्राचार्यांना विचारलं. त्यांनी फाइल उघडून दाखवली. "त्याने स्वतः लिहून दिलंय. आम्ही काय करणार?"

सुमितने दिवाळीनंतर कॉलेज सोडलं. वाशीला दिसतो, पाठीवर डिलिव्हरीची बॅग. मी त्याला सगळं सांगितलं. तो हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाला, "मला वाटलं नियमच तसा असेल." गेला. ते वाक्य मला मॅडमच्या दोन ताटांच्या टोमण्यापेक्षा खोल रुतलं. त्यांना आम्हाला हाकलावंसुद्धा लागत नाही. आम्ही आपणच उठून जातो.

मी आता तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा पुन्हा मेजरची निवड झाली. मी हॉलच्या दारात उभी राहिले. नियमाच्या झेरॉक्स हातात. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, आधी ओपनची यादी बघ. आपले मार्क बघ. मग पेन उचल. काही जणी थांबल्या. काही जण मान खाली घालून, मला टाळून आत गेले. त्यांचा राग नाही आला. मला ती मान ओळखीची आहे.

मॅडम आल्या. "तुझं काम झालंय ना? मग इथे काय करतेस?"

"माझं झालंय. काम झालेलं नाही."

वॉचमनला सांगून त्यांनी माझं आयकार्ड काढून घेतलं. शिस्तभंगाची नोटीस आली. उत्तर दिलं, पोच घेतली.

पुढच्या वर्षी मी या कॉलेजची नसेन. मला गेटवरच अडवतील. अडवू देत. गेटबाहेर उभी राहीन. तो रस्ता महापालिकेचा आहे, कॉलेजचा नाही.